निष्ठा आणि नक्कल : 'क्लॅश'च्या सहा अल्बमांचा वाद



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. ज्या व्यासपीठावर राज्यक्रांत्यांची, संतवाङ्मयाची आणि अर्थकारणाची चर्चा व्हावयाची, तेथे लंडनच्या चार तरुणांनी काढलेल्या एका बँडच्या तबकड्यांपैकी चांगली कोणती आणि वाईट कोणती, या भांडणाला तासभर कशाला द्यावयाचा, अशी शंका मनात येणे स्वाभाविक आहे. त्यावर आमचे उत्तर असे, की माणसे ज्या गोष्टींवरून जीव तोडून भांडतात त्या गोष्टी इतिहासाच्या अभ्यासकाने क्षुल्लक मानू नयेत. लढाई कधी झाली आणि तह कोणता झाला हे दप्तरांत सापडते. लोकांनी कशाला आपले म्हटले आणि कशाला दगा म्हटले, हे कळून घ्यावयाचे तर असल्या वादांकडेच कान द्यावा लागतो.

'द क्लॅश' हा पंक संगीताचा बँड १९७६ साली लंडनमध्ये उभा राहिला आणि १९८६ च्या आरंभी विसर्जित झाला. एप्रिल १९७७ ते नोव्हेंबर १९८५ या साडेआठ वर्षांत त्याने सहा अल्बम काढले. पुराव्याच्या दृष्टीने पाहता खटला केव्हाच पुरा झाला आहे. त्यात नवा कागद दाखल व्हावयाचा नाही. तरीही चाहत्यांचे न्यायालय अद्याप उठलेले नाही. दोन चाहते एकत्र आले की पहिला क्रमांक कोणाचा आणि शेवटचा कोणाचा, यावरून चहा निवतो. साधारणतः 'लंडन कॉलिंग' हा सर्वोत्तम ठरतो, 'कट द क्रॅप' हा निकृष्ट ठरतो, आणि मधल्या चारांवरून हातघाई होते.

या भांडणात आम्ही तिऱ्हाईत नाही, हे आधीच सांगून टाकतो. आम्हीही त्यात वर्षानुवर्षे तावातावाने सामील होतो, आणि त्या भरात आमच्या हातून एक अन्याय घडला. त्याची कबुली योग्य जागी देऊ. आधी हकीकत.

१९७६ चे इंग्लंड हे काही वैभवातले इंग्लंड नव्हते. महागाई वाढलेली, तरुणांना नोकऱ्या मिळेनात, आणि सरकारवर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे कर्जासाठी हात पसरण्याची पाळी आलेली. रॉक संगीत मात्र या काळात श्रीमंत झाले होते. लांबलचक वादन, अवाढव्य मैदाने, राजेरजवाड्यांसारखे राहणारे गायक, असा तो थाट होता. या थाटाविरुद्ध जे बंड झाले त्याचे नाव पंक. दोनतीन कॉर्ड वाजवता येत असल्या की पुरे. गाणे अडीच मिनिटांत संपवा. जे रस्त्यावर दिसते तेच गा. आणि ऐकणारा व वाजवणारा यांच्यामध्ये पायरी ठेवू नका, असा त्याचा सरळ हिशेब होता. हा शेवटचा मुद्दा ध्यानात ठेवावा. पंकच्या चाहत्याला आपण केवळ श्रोता आहोत असे वाटत नव्हते. तो स्वतःला भागीदार समजत होता. पुढच्या साऱ्या कलहाचे बीज येथे आहे, कारण श्रोता निराश झाला तर उठून जातो, भागीदार मात्र हिशेब मागतो.

क्लॅशमधील मंडळी चार ठिकाणांहून आलेली. मुख्य गायक जो स्ट्रमर याचे खरे नाव जॉन मेलर. त्याचा जन्म १९५२ साली तुर्कस्तानात अंकारा येथे झाला. वडील ब्रिटिश परराष्ट्र खात्यात नोकरीला होते, आणि त्यांचा स्वतःचा जन्म आपल्या लखनौचा. मुलगा इंग्लंडात वसतिगृहाच्या शाळेत वाढला आणि पुढे लंडनच्या ओसाड घरांत बिनभाड्याने राहणाऱ्यांत जाऊन मिसळला. चाली बांधणारा गिटारवादक मिक जोन्स हा आजीच्या छत्राखाली वाढलेला. बेस गिटार वाजवणारा पॉल सिमोनन हा मूळचा चित्रकलेचा विद्यार्थी. ड्रमवर आधी टेरी चाइम्स आणि नंतर टॉपर हेडन. व्यवस्थापक होता बर्नी ऱ्होड्स, आणि या नाटकात त्याची भूमिका फार महत्त्वाची आहे. ४ जुलै १९७६ रोजी शेफील्ड येथे 'सेक्स पिस्टल्स' या बँडच्या आधी वाजवून त्यांनी पहिला कार्यक्रम केला.

आता दगाबाजीचा पहिला आरोप केव्हा झाला ते पाहा. जानेवारी १९७७ मध्ये सी. बी. एस. या बड्या कंपनीने या पोरांशी १,००,००० पौंडांचा करार केला. त्याबरोबर 'स्निफिन् ग्लू' या पंकच्या हस्तलिखितवजा पत्रिकेचा संपादक मार्क पेरी याने निकाल देऊन टाकला, की ज्या दिवशी ही सही झाली त्याच दिवशी पंक मेला. पहिला अल्बम बाजारात यावयास अजून सुमारे अडीच महिने होते! पाळण्यातले बाळ रडलेही नव्हते, आणि ते कुळाला बट्टा लावणार असे भविष्य सांगून झाले होते. चाहत्यांच्या न्यायालयाचा हा स्वभाव आहे. तेथे अल्बम ऐकून निकाल लागतोच असे नाही. पुष्कळदा निकाल आधी लागतो आणि अल्बम मागाहून ऐकला जातो.

तो पहिला अल्बम, 'द क्लॅश', एप्रिल १९७७ मध्ये निघाला. फेब्रुवारीतल्या थोड्या दिवसांत तो ध्वनिमुद्रित झाला आणि त्याला खर्च आला सुमारे ४,००० पौंड. त्यात १४ गाणी. आवाज खरखरीत, वेग तुफानी. १९७६ मध्ये एका समीक्षकाने या बँडला आल्या वाटेने गॅरेजमध्ये परत धाडावे अशा अर्थाची जहरी टीका केली होती. तिला उत्तर म्हणून बांधलेले 'गॅरेजलँड' हे गाणे या अल्बमच्या शेवटी आहे. आम्ही गॅरेजमधलेच आहोत, याचा त्यांनी अभिमानच मिरवला. कर्मठ चाहत्यांचे दैवत हाच अल्बम होय. त्यांच्या मते खरा क्लॅश तो एवढाच, आणि त्यानंतर जे झाले ती घसरण.

परंतु हे सोवळे खरोखर तितके सोवळे होते काय? या अल्बममध्ये सर्वांत लांब गाणे आहे 'पोलीस अँड थीव्ज'. ते सहा मिनिटांचे आहे, म्हणजे पंकच्या कायद्याने दुपटीहून अधिक. आणि ते मुळी पंक नाहीच. ते जमैका बेटातील गायक ज्युनिअर मर्व्हिन याचे रेगे गाणे आहे. लंडनच्या नॉटिंग हिल भागात वेस्ट इंडीजमधून आलेल्या कृष्णवर्णीय लोकांची दाट वस्ती. ऑगस्ट १९७६ च्या तेथील उत्सवात पोलीस आणि कृष्णवर्णीय तरुण यांच्यात जी दंगल झाली, ती स्ट्रमर आणि सिमोनन यांनी गर्दीत राहून पाहिली होती. त्या उन्हाळ्यात तेथल्या रस्त्यांवर हेच गाणे वाजत होते. जे समोर होते ते त्यांनी उचलले. तात्पर्य, ज्या आरंभाला कर्मठ मंडळी शुद्ध म्हणतात, त्या आरंभीच शेजारच्या अंगणातले पाणी मिसळलेले होते. किंबहुना ते मिसळलेले होते म्हणूनच त्या अल्बमाला चव होती. त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीविरुद्ध तक्रार करणारे 'कम्प्लीट कंट्रोल' हे गाणे त्यांनी काढले. त्याच्या निर्मितीसाठी त्यांनी लंडनच्या कोणा पंकवाल्याला बोलावले नाही, जमैकाच्या ली पेरी याला बोलावले.

दुसरा अल्बम 'गिव्ह 'एम इनफ रोप' नोव्हेंबर १९७८ चा. त्याचा निर्माता सँडी पर्लमन हा अमेरिकन, जडजंबाल रॉक संगीतात नाव कमावलेला. ध्वनिमुद्रण घोटीव झाले, खरखर गेली. इंग्लंडमधील विक्रीच्या यादीत अल्बम दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढला. पण आमच्या पोरांना कोणी इस्त्री केली, असे जुने चाहते कुरकुरू लागले.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक बारकावा टिपून ठेवावा. पहिला अल्बम अमेरिकेत काढण्यास तेथील शाखेने आधी नकार दिला होता. चाहते तो आयात करून घेत, आणि अशा एक लाखाच्या आसपास प्रती तेथे खपल्या म्हणतात. शेवटी जुलै १९७९ मध्ये तो निघाला, तोही चार गाणी काढून आणि नंतरची पाच गाणी घालून. म्हणजे ज्या अमेरिकन श्रोत्याने दुकानात जे मिळाले तेच घेतले, त्याला दुसरा अल्बम आधी भेटला आणि पहिला नंतर, तोही बदललेल्या रूपात. मग लंडनचा चाहता आणि शिकागोचा चाहता 'पहिल्या अल्बमची सर नंतर कशालाच आली नाही' यावरून भांडतात, तेव्हा ते एकाच तबकडीविषयी बोलत असतात असे नाही! श्रेष्ठकनिष्ठतेचे पुष्कळसे वाद हे वस्तुतः कोणी काय आधी ऐकले याचे वाद असतात. ज्या गाण्याने आपले पहिल्यांदा कान उघडले ते गाणे आपण मोजत नाही. त्या गाण्याने आपण बाकीची गाणी मोजतो.

आता 'लंडन कॉलिंग'. डिसेंबर १९७९. दोन तबकड्या, १९ गाणी, आणि किंमत सुमारे ५ पौंड, म्हणजे एकाच तबकडीची. कंपनी दुहेरी अल्बमला तयार नव्हती. अल्बमबरोबर एक जादा तबकडी फुकट देऊ, एवढ्यावर तिला राजी केले. आणि ती जादा तबकडी वाढत वाढत पुऱ्या अल्बमाएवढी झाली. गरीब चाहत्याच्या खिशाची अशी काळजी घेणे, हे निष्ठेचे एक रूप आहे. परंतु आतले संगीत पाहावे तर पंकच्या नियमांचा चक्काचूर केलेला. त्यात रेगे आहे, स्का आहे, जाझची झाक आहे, जुन्या अमेरिकन रॉक-अँड-रोलचा बाज आहे, पियानो आहे, तुताऱ्यांचा ताफा आहे. निर्माता गाय स्टीव्हन्स हा वल्ली माणूस होता. ध्वनिमुद्रण चालू असता गाण्यात जीव यावा म्हणून तो खुर्च्या आणि शिड्या फेकीत असे.

मुखपृष्ठाची गोष्ट तर फारच बोलकी आहे. १९७७ मध्ये याच बँडने एका गाण्यात एल्विस, बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स या जुन्या दैवतांना निवृत्तीची वर्दी दिली होती. त्यानंतर अडीच वर्षे लोटतात न लोटतात तोच 'लंडन कॉलिंग'चे मुखपृष्ठ एल्विस प्रेस्ली याच्या १९५६ च्या पहिल्या अल्बमावरून बेतले गेले. तीच गुलाबी आणि हिरवी अक्षरे, त्याच जागी. गाणाऱ्या एल्विसच्या जागी मात्र न्यूयॉर्कच्या रंगमंचावर बेस गिटार आपटून फोडणारा सिमोनन. छायाचित्रकार पेनी स्मिथ या बाईंना तो फोटो अस्पष्ट आला म्हणून वापरू नये असे वाटत होते. तो पुढे रॉकच्या इतिहासातील अत्यंत प्रसिद्ध फोटोंपैकी एक ठरला, आणि त्या फुटक्या गिटारचे तुकडे २०१९ मध्ये लंडनच्या संग्रहालयात काचेआड मांडले गेले. ज्यांना नाकारले त्यांनाच नमस्कार, आणि त्या नमस्कारातच तोडफोड! चाहत्यांनी याला दगा म्हटले नाही. एका अमेरिकन नियतकालिकाने १९८९ मध्ये त्याला नवव्या दशकातील सर्वोत्तम अल्बम ठरवले. इंग्लंडमध्ये तो आठव्या दशकातच निघाला होता, ही गोष्ट अलाहिदा. त्याच नियतकालिकाच्या सर्वकालीन यादीत तो २००३ मध्ये ८ वा होता आणि २०२० मध्ये १६ वा झाला. तबकडीतले एक अक्षरही मधल्या काळात बदललेले नव्हते. बदलले ते न्यायाधीश.

मग आला डिसेंबर १९८० मध्ये 'सँडिनिस्टा!'. दोनावर थांबतील ते क्लॅश कसले! यात तीन तबकड्या, सहा बाजू, प्रत्येक बाजूवर सहा याप्रमाणे ३६ गाणी. नाव निकाराग्वातील क्रांतिकारकांचे, ज्यांनी १९७९ मध्ये हुकूमशाही उलथली होती. किंमत ५ पौंड ९९ पेन्स. आणि एवढ्या स्वस्तात ती बसावी म्हणून बँडने इंग्लंडमधील पहिल्या २,००,००० प्रतींवरील आपल्या रॉयल्टीवर पाणी सोडले. लंडन, मँचेस्टर, न्यूयॉर्क आणि जमैकातील किंग्स्टन येथे तो ध्वनिमुद्रित झाला. 'मॅग्निफिसंट सेव्हन' या गाण्यात तर न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत नुकताच अंकुरलेला रॅप प्रकार आहे. एक गाणे उलटे वाजवून त्याचे दुसरे गाणे केलेले आहे. पहिल्या अल्बममधले नोकऱ्यांवरचे त्वेषाचे गाणे साथीदार मिकी गॅलघर यांच्या लहान मुलांकडून गाऊन घेतलेले आहे.

जुने चाहते चक्रावले. लंडनच्या संगीत-साप्ताहिकांनी झोडपून काढले; पसारा, उधळपट्टी, पोरखेळ, असे शब्द पडले. दुसरीकडे न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकाने समीक्षकांचा जो वार्षिक कौल घेतला, त्यात १९८१ चा सर्वोत्तम अल्बम म्हणून याचीच निवड झाली. एकच वस्तू, एकाच काळात, एका शहरी कचरा आणि दुसऱ्या शहरी सोने.

येथे आमचा एक वैयक्तिक अनुभव सांगतो. या अल्बमविषयी चाहत्यांचा एक आवडता खेळ आहे: ३६ पैकी १२ गाणी निवडून एकाच तबकडीचा 'नेटका' अल्बम करून दाखवावयाचा. आमच्या मित्रमंडळात हा खेळ एकदा कागदावर खेळला गेला. आम्ही पाच जण होतो आणि पाच याद्या झाल्या. या पाची याद्यांत समान अशी गाणी निघाली तीन! एकाने जे फालतू म्हणून फेकले ते दुसऱ्याने अग्रभागी ठेवले होते. त्या दिवशी आम्हांला या अल्बमचे मर्म उमगले. तो नेटका करता येत नाही, कारण नेटका कोणासाठी करावयाचा हे ठरत नाही.

मे १९८२ चा 'कॉम्बॅट रॉक' हा त्याच्या उलट. मिक जोन्सने तो आधी लांबलचक, दुहेरी बेताचा केला होता. तो बाहेरचा निर्माता ग्लिन जॉन्स याच्याकडून छाटून एका तबकडीत बसवला गेला. तो अमेरिकेत सातव्या क्रमांकापर्यंत गेला, आणि 'रॉक द कॅस्बा' हे त्यातील गाणे तेथे घरोघर पोहोचले. त्या गाण्याचे ड्रम, पियानो आणि बेस ही तिन्ही वाद्ये टॉपर हेडनने वाजवलेली. पण गाणे गाजले तेव्हा हेरॉइनच्या व्यसनापायी त्याला बँडमधून काढून टाकलेले होते. ऑक्टोबर १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या शिया स्टेडियममध्ये 'द हू' या जुन्या बँडच्या आधी क्लॅशने वाजवले. ज्या अवाढव्य मैदानांविरुद्ध बंड केले, त्याच मैदानात आले. कर्मठांना आणखी काय हवे होते?

परंतु दगा कोणी कोणाला दिला याची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. जून १९८१ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या 'बाँड्स' सभागृहात क्लॅशचे आठ कार्यक्रम ठरले होते. तिकिटे बेसुमार विकली गेल्याचे उघड होऊन अग्निशमन खात्याने गर्दीला मर्यादा घातली. तिकीट घेतलेला कोणी मोकळ्या हाताने परतू नये म्हणून बँडने १७ कार्यक्रम केले. येथवर हकीकत बँडच्या औदार्याची. पण त्यांनी आपल्या आधी वाजवण्यासाठी न्यूयॉर्कचाच कृष्णवर्णीय रॅप कलावंत ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याचे साथीदार यांना सन्मानाने बोलावले, तेव्हा क्लॅशच्या चाहत्यांनी त्यांची हुर्यो उडवली आणि त्यांच्यावर वस्तू फेकल्या. वर्णद्वेषाविरुद्ध गाणाऱ्या बँडचे हे निष्ठावंत! बँड पुढे चालला होता. चाहते त्याला जुन्या जागी बांधून ठेवू पाहत होते.

आणि आता त्या सहाव्या अल्बमकडे येऊ. सप्टेंबर १९८३ मध्ये मिक जोन्सला बँडमधून काढून टाकण्यात आले. त्या वेळी जे निवेदन प्रसिद्ध झाले त्यात कारण दिले होते, की जोन्स हा क्लॅशच्या मूळ कल्पनेपासून दूर गेला आहे. हे कारण नीट पारखून पाहावे. जोन्सला न्यूयॉर्कच्या नव्या नादांची ओढ लागली होती, हे खरे; त्याच्या स्वभावाच्या तक्रारीही होत्या. पण निवेदनात शब्द वापरला तो कर्मठ चाहत्यांचा. सात वर्षे प्रेक्षागृहातून येणारा आरोप आता खुद्द रंगमंचावरून उच्चारला गेला.

मग मुळाकडे परतण्याचा प्रयोग सुरू झाला. स्ट्रमर आणि सिमोनन यांच्या जोडीला तीन नवे तरुण होते. पुन्हा आखूड गाणी, पुन्हा जुना वेग. या प्रयोगाच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हांला शंका नाही. डिसेंबर १९८४ मध्ये त्यांनी संपावर गेलेल्या खाणकामगारांच्या मदतीसाठी लंडनमध्ये कार्यक्रम केले. मे १९८५ मध्ये नुसत्या साध्या गिटारी खांद्याला अडकवून ते उत्तर इंग्लंडच्या शहरांतून रस्त्यावर गात हिंडले. पैसा नाही, ध्वनिक्षेपक नाही, पायरी नाही. पंकचे स्वप्न याहून अधिक खरे कधी झाले असेल?

आणि नोव्हेंबर १९८५ मध्ये 'कट द क्रॅप' निघाला. त्याच्या निर्मितीची सूत्रे व्यवस्थापक ऱ्होड्सने आपल्या हाती घेतली होती. निर्माता म्हणून टोपणनाव घातले होते 'होसे उनिदोस'. पीट हॉवर्ड हा चांगला ड्रमवादक हाताशी असता ड्रमचा बराचसा भाग यंत्रावर सोपवला गेला. गाण्यांवर फुटबॉलच्या मैदानावरील गर्दीसारखे घोषणांचे थर चढवले गेले. मुळाकडे जाण्याची ही प्रतिज्ञा होती, आणि हाती आला एक मुखवटा. काही महिन्यांतच बँड संपला. २०१३ मध्ये क्लॅशच्या साऱ्या अल्बमांचा म्हणून जो मोठा संच निघाला, त्यात पाचच अल्बम होते. घरच्या फोटोतून एखाद्या नातलगाचा चेहरा कापून काढावा, तसे हे झाले.

आमच्या आजच्या विवेचनाचा सारा भार या एका गोष्टीवर आहे. सहा अल्बमांपैकी जो अल्बम मुद्दाम मूळ क्लॅश परत आणण्याच्या हेतूने केला गेला, ज्याच्यासाठी 'दूर गेलेल्या' माणसाला बाहेर घातले, तोच एकमताने सर्वांत वाईट ठरला. आणि हा निकाल मूळ परत द्या म्हणून ओरडणाऱ्या चाहत्यांनीच दिला. त्यांनी जे मागितले ते त्यांना मिळाले, आणि ते त्यांना नको झाले.

यावर कोणी म्हणेल, की अल्बम फसला तो जोन्सच्या चाली आणि हेडनचा हात नव्हता म्हणून. तेथे तत्त्वज्ञान कशाला? आक्षेप रास्त आहे, आणि अर्धा आम्ही मान्य करतो. माणसे गेली की कला पांगळी होते. पण जोन्सला घालवले कोणत्या नावाखाली, हे विसरून चालणार नाही. शिवाय १९७७ मध्ये तरी या मंडळींजवळ असे काय कसब होते? त्यांच्याजवळ होते ते भोवतालच्या रस्त्याकडे लागलेले कान. १९७७ च्या रस्त्यावर रेगे होते, त्यांनी रेगे घेतले. १९८० च्या रस्त्यावर रॅप होते, त्यांनी रॅप घेतले. १९८५ मध्ये त्यांनी कान लावले ते स्वतःच्याच जुन्या तबकडीला. निष्ठा आणि नक्कल यांत हे अंतर आहे. पहिल्या अल्बमशी खरी निष्ठा 'सँडिनिस्टा!'ने राखली, कारण पहिला अल्बम ज्या वृत्तीने केला ती वृत्ती त्याने चालवली. 'कट द क्रॅप'ने त्याचा पोशाख तेवढा चालवला. स्ट्रमरला हे उमगावयास वेळ लागला नाही. अल्बम पुरा होताच तो जोन्सला शोधीत बहामा बेटांवर गेला आणि परत ये म्हणाला. जोन्सने आपला नवा बँड उभा केला होता. तो आला नाही. पण १९८६ मध्ये त्याच्या दुसऱ्या अल्बमाच्या निर्मितीत स्ट्रमर सहभागी झाला. ज्याला दूर गेला म्हणून घालवले, त्याच्यामागे स्वतःच चालत गेला.

आता आमची कबुली. 'कट द क्रॅप' हा निकृष्ट आहे, हे आम्ही कितीतरी वर्षे छातीठोकपणे सांगत होतो. आणि तो अल्बम आम्ही ऐकलेला नव्हता. सर्वांनी म्हटले, आम्हीही म्हटले. इतिहासाचा व्यवसाय करणाऱ्याने साक्षीपुरावा न पाहता शिक्षा ठोठावली! पुढे केव्हातरी तो पुरता ऐकला. वाईट आहे, यात संशय नाही. पण त्यात 'धिस इज इंग्लंड' नावाचे एक गाणे आहे. खाणकामगारांच्या पराभवाचे, बेकारीचे, थंडगार रस्त्यांचे ते इंग्लंड. त्यात मुळाकडे परतण्याची घोषणा नाही, समोरचे दिसते आहे. त्या गाण्यात यंत्राचा ड्रमही खटकत नाही. त्या थंडपणाला तो शोभतो. २००३ च्या एका निवडक संग्रहात त्या गाण्याला मागाहून जागा मिळाली. सर्वांत वाईट अल्बममध्येही ज्या क्षणी कान रस्त्याकडे वळले, त्या क्षणी क्लॅश पुन्हा जिवंत झाला. ऐकल्यावाचून आम्हांला हे कधी कळले असते?

आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. 'कॉम्बॅट रॉक'वर बाजारूपणाचा शिक्का बसला होता. त्यातच 'स्ट्रेट टु हेल' नावाचे संथ गाणे आहे. देशोदेशींच्या नको झालेल्या स्थलांतरितांचे, आणि अमेरिकन सैनिकांनी व्हिएतनाममध्ये मागे टाकलेल्या मुलांचे. २००७ मध्ये लंडनची तमिळ वंशाची गायिका एम. आय. ए. हिने त्याचा स्वरांश घेऊन 'पेपर प्लेन्स' हे गाणे केले, आणि २००८ मध्ये 'स्लमडॉग मिल्यनेअर' या मुंबईवरील चित्रपटात, आगगाडीवर वाढणाऱ्या दोन पोरक्या मुलांच्या प्रसंगाला ते वाजले. आपल्यापैकी ज्यांनी क्लॅशचे नावही ऐकले नव्हते, त्यांच्याही कानांवरून तो सूर गेलेला आहे. क्रमवारी लावणाऱ्यांनी खालच्या पायरीवर ठेवलेला हा अल्बम असा आमच्या दारी आला.

१५ नोव्हेंबर २००२ रोजी लंडनच्या ॲक्टन भागातील नगरभवनात अग्निशमन कामगारांच्या मदतीसाठी स्ट्रमर आपल्या नव्या साथीदारांसह गात होता. मिक जोन्स श्रोत्यांत होता. गाणे रंगात आले तेव्हा तो उठला, रंगमंचावर चढला आणि गिटार घेऊन उभा राहिला. एकोणीस वर्षांनी दोघांनी एकत्र तीन गाणी म्हटली. पाच आठवड्यांनी, २२ डिसेंबरला, स्ट्रमर वयाच्या पन्नाशीत हृदयविकाराने वारला. त्या तीन गाण्यांपैकी दोन पहिल्या अल्बममधली होती. कर्मठांनी यावर जरूर समाधान मानावे. पण ज्या गाण्याच्या वेळी जोन्स प्रथम उठून वर गेला, ते होते 'बँकरॉबर'. त्याची चाल रेगेची आहे, आणि ज्यांवरून आपण तासभर भांडलो त्या सहा अल्बमांपैकी एकातही ते नाही.